चार कानांचा नियम

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला बाजारात सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण रेडिओ बिघडला की मागचं झाकण न उघडता ते तो नुसता लावायचे, मान डाव्या खांद्याकडे कलती करून ऐकायचे आणि सांगायचे, "कंडेन्सर गेलाय," नाहीतर, "आत कुठेतरी तारेच्या जोडाचा डाग सुटलाय." झाकण उघडल्यावर तेच निघायचं. मला याचा रागच यायचा, कारण माणूस इतका बरोबर असला की त्याच्याशी भांडायची सोय राहत नाही. मी त्यांची एकुलती एक मेहुणी. ते मला ठिणगी म्हणायचे. मी त्यांना भाऊजीच म्हणायचे, पण ज्या सुरात म्हणायचे त्यावरून परक्याला वाटावं की शिवी दिली.

बोळाच्या तोंडाशी दुकान आणि मागे दोन खोल्या. शेजारी पत्र्याची कामं करणारा कारागीर होता. तो सकाळपासून पत्रा ठोकायचा, आणि त्याच्यावर आवाज चढावा म्हणून भाऊजी रेडिओ मोठा करायचे. त्या गोंगाटात ताईने उभा संसार केला. मूलबाळ झालं नाही. "पण दुकानात रडकी तोंडं कमी होती का?" असं ती स्वतःच म्हणायची, आणि दुसऱ्या कुणी तो विषय काढायच्या आत हसून मोकळी व्हायची.

दुकानाचा एक नियम होता. दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी भाऊजी तो लावायचे आणि पडद्याआड हाक मारायचे, "आता?" ताई हातातलं भांडं तसंच धरून कान द्यायची आणि सांगायची, "आहे अजून," नाहीतर, "गेली." गेली म्हणजे खरखर गेली. भाऊजींचं म्हणणं असं की दोन कानांनी ऐकलेलं भ्रमही असू शकतं, चार कानांनी ऐकलं की तो बिघाड. ताईने 'गेली' म्हटल्याशिवाय त्या दुकानातून एकही रेडिओ बाहेर पडला नाही. तिच्यावर त्यांचा इतका भरवसा होता. एरवी भाजीत मीठ कमी आहे म्हणाली तरी ते दोनदा चाखून बघायचे, पण खरखरीच्या बाबतीत ताईचा शब्द शेवटचा.

या नियमाची दुसरी बाजू कुणाच्या लक्षात यायची नाही. ताईने 'गेली' म्हटलं की रेडिओ बंद व्हायचा. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलेलं असो, नाटकातली बाई विहिरीत पडली की ढकलली ते कळायचं असो, खट् करून बटण बंद आणि पुढचा रेडिओ टेबलावर. रेडिओ लोकांचे होते, बापडे भाऊजी तरी काय करणार. पण रेडिओवाल्याच्या बायकोने जन्मात एक कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला नव्हता, हे ऐकून कुणालाही हसू येईल. मला यायचं नाही. मी भाऊजींना सुनवायचे, "एक रेडिओ तिच्यासाठी ठेवा की." ते म्हणायचे, "ठेवतो ना, एवढा हातावेगळा होऊ दे." असे हातावेगळे करता करता दोघांचे केस पिकले.

पुढे रेडिओ दुरुस्त करून घेणारेच उरले नाहीत. शेजारचा कारागीर वारला. दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा ताईने लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "मला या बोळातून बाहेर काढा. आणि माझा एकटीचा एक रेडिओ पाहिजे. लावला की शेवटपर्यंत चालू राहणारा."

भाऊजींनी दोन्ही गोष्टी एकदम केल्या. ताईसाठी सेलवर चालणारा एक रेडिओ घेतला, आणि गाडीमागे जोडून ओढत न्यायचं एक जुनं चाकांवरचं घर त्यांनी आणलं. आत एक पलंग, दोन शेगड्या, भिंतीला घडी होणारं टेबल, छपराला हवेसाठी एक झडप, आणि बाहेरून सगळं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. मी बघायला गेले आणि म्हटलं, "भाऊजी, हा डबा आहे. झाकण लावलं की आतलं माणूस टिकाऊ." ताई मात्र सगळी कपाटं उघडून बघत होती आणि प्रत्येक कपाटात दुसरं कपाट निघाल्यावर लहान मुलीसारखी माझ्याकडे वळून बघत होती. वर्षभर ते दोघं फिरले. मग ताईला धाप लागायला लागली म्हणून एका तलावाकाठी, जिथे अशी बरीच घरं ओळीने उभी असतात, तिथे त्यांनी कायमचा मुक्काम केला. प्रत्येक घराला एक नळ आणि विजेचा एक खांब. माझ्या घरापासून बसने तासाभराची वाट होती.

ताईचा कार्यक्रम होता संध्याकाळचं कथावाचन. दूरच्या केंद्रावर एक बाई रोज एका कादंबरीचा एक भाग वाचायच्या. गंमत अशी की पायरीवर बसून रेडिओ लावला तर बाई बोलायच्या आणि दाराच्या आत पाऊल टाकलं की मुक्या व्हायच्या. चारी बाजूंनी पत्रा, लहरी आत शिरणार कुठून? रेडिओवाल्याच्या घरातच रेडिओ लागत नाही म्हटल्यावर माझं हसून पोट दुखलं. भाऊजी मात्र खुलले. दुकान सुटल्यापासून हातांना काम नव्हतं, आणि आता रोज राहत्या घरात बिघाड.

आधी त्यांनी रेडिओ खिडकीच्या काचेला टेकवला. थोडा जीव आला. मग त्यांच्या लक्षात आलं की बॅटरी चार्ज करणारं यंत्र आणि छताचे दिवे मिळून गुरगुरतात. कथावाचनाच्या वेळी दोन्ही बंद करायचा हुकूम निघाला, आणि ताई काळोखात भाजी चिरायला शिकली. मग त्यांनी एक लांब तार घेतली, तिचे चार वेढे रेडिओभोवती दिले आणि उरलेली खिडकीतून बाहेर काढून बांबूवर चढवली, छपराच्या पत्र्यापासून चांगली लांब. शेवटी अर्थिंगसाठी नळाजवळच्या ओल्या जमिनीत लोखंडी सळई ठोकून दुसरी तार तिला बांधली. जमीन कोरडी पडू नये म्हणून त्या सळईला ते रोज बादलीभर पाणी घालायचे. ताई शेजारणींना सांगायची, "आमच्या दारात एकच झाड, तेही लोखंडाचं."

आणि रेडिओ लागला. इतका लागला की वाचता वाचता बाई पान उलटायच्या तेही ऐकू यायचं. भाऊजींनी विचारलं, "आता?" ताई म्हणाली, "गेली." मग त्यांच्या हाताने सवयीने बटणाकडे धाव घेतली आणि ताईने तो हात वरच्या वर पकडला. हे मला तिनेच फोनवर सांगितलं. त्या हिवाळ्यात तिने एक कादंबरी अख्खी ऐकली. रोज रात्री मला फोन करून तो भाग सांगायची, आणि सांगताना इतकी लांबण लावायची की फोन खांद्याला दाबून मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचे. माझी ताई त्या हिवाळ्यात सुखी होती. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

नंतर फोनवरच्या गोष्टी त्रोटक व्हायला लागल्या. "मधलं नीट ऐकू आलं नाही गं," म्हणायची. उन्हाळ्यात मी तिकडे गेले तर भाऊजी बाहेर बांबूपाशी उभे, हातात तार, आणि आत रेडिओ सुरू. बाई वाचत होत्या, स्वच्छ. भाऊजींनी बाहेरून हाक दिली, "आता?" ताईने खिडकीतून हात काढून हलवला. हात हलवला म्हणजे अजून आहे.

"काय आहे?" मी म्हटलं. "अगं, घासलेल्या भांड्यासारखा लख्ख लागलाय की."

तिने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. बाहेर भाऊजींनी तार उपसली आणि बाई वाक्याच्या मधोमध बुडाल्या.

कपडे वाळत घालायच्या निमित्ताने ताईने मला मागे नेलं. "खरखर रेडिओत नाही," ती म्हणाली. "यांच्या कानात आहे. कळायला मलाही उशीर झाला. किटलीची शिट्टी वाजत राहते, हे शेजारी बसून पेपर वाचतात. समोर बसून बोललेलं कळतं, तेही निम्मं ओठ बघून. पण आवाज यंत्रातून आला की त्यांना नुसती खरखर."

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं. एकदा म्हटलं, अहो, साफ आहे. तर रेडिओवरचा हात तसाच राहिला त्यांचा. म्हणाले, 'मग माझ्याच कानात का?' आणि माझ्याकडे असं बघितलं गं... मी लगेच म्हटलं, थांबा, थांबा, आहे की. मला पाखरांचा आवाज वाटला. तर इतकं बरं वाटलं त्यांना. म्हणाले, 'तरीच.' लगेच पेचकस घेऊन उठले."

"आणि तुझं कथावाचन?"

"होतंय की. मधे मधे तुटतं, एवढंच."

"ताई, जन्मभर तुटकंच ऐकलंस. आता कुठे..."

"हळू बोल. पत्र्याच्या भिंती आहेत." मग ओल्या चादरीचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, "दुकान गेलं त्यांचं. आता कानसेन म्हणून जे काही उरलंय तेवढं तरी राहू दे. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. शपथ आहे माझी."

मी चिडले. कानाच्या डॉक्टरकडे ने म्हटलं, तर 'नेईन' म्हणाली, म्हणजे नेणार नव्हती. मनात आलं, सरळ बाहेर जावं आणि त्या बांबूखाली उभं राहून ओरडून सांगावं. पण तिची धाप वाढली होती, एक चादर पिळून तिला दोरीला धरून उभं राहावं लागलं होतं, आणि धापा टाकणाऱ्या माणसाशी मला भांडता येत नाही.

ताई त्यानंतर फार दिवस काढणार नव्हती. हृदय मोठं झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने घरीच, म्हणजे त्या चाकांवरच्या घरीच, राहायचं ठरवलं. ती पलंगावर उशांना टेकून बसायची आणि भाऊजी तिच्यासाठी जिवाचा आटापिटा करायचे. बांबूला आणखी एक बांबू जोडला. रेडिओभोवतीचे वेढे वाढवले, कमी केले, परत वाढवले. शेजारच्यांना विनवून संध्याकाळी त्यांचेही दिवे बंद करायला लावले. तिला निदान आता तरी साफ ऐकू यावं, हा एकच ध्यास. सगळं झालं की दारात येऊन विचारायचे, "आता?" आणि ताई त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्यांच्या तोंडावर खरखर दिसली की म्हणायची, "आहे थोडी."

एका पहाटे ती झोपेतच गेली. शेजारी भाऊजी झोपलेले होते. त्यांना काही ऐकू आलं नाही.

दिवसपाणी आटोपल्यावर भाऊजींना मी माझ्याकडे चला म्हटलं. आले नाहीत. मग दर रविवारी मीच जायला लागले. मला वाटलं होतं, रेडिओ आता कुठेतरी कपाटात गेला असेल. तर भाऊजी बांबूखाली. कथावाचनाची वेळ झाली की रेडिओ सुरू, आणि बाहेरून हाक, "ठिणगे, आता?"

आधीच्या दोन कानांच्या जागी आता माझे दोन कान होते. आत बाई शांतपणे वाचत असायच्या. मी ताईच्या पलंगावर बसून खिडकीतून हात हलवायचे. ताईचा राग यायचा, तिच्या शपथेचा यायचा, आणि हात आत घेतला की रडू यायचं. ही शपथ मरेपर्यंत होती की मेल्यानंतरही, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

शेवटी एका रविवारी भाऊजी बांबूपाशी गेलेच नाहीत. तार हातात गुंडाळत पायरीवर बसून राहिले. मी चहा घेऊन त्यांच्या समोर बसले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तिने जन्मात दोनच गोष्टी मागितल्या माझ्याकडे, त्यातला एक हा रेडिओ. शेवटी शेवटी तरी तिला एखादा दिवस साफ ऐकू आलं असेल का? तू यायचीस, तुझ्याकडे कधी काही म्हणाली?"

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"मी जन्मभर लोकांचे रेडिओ बोलते केले," ते म्हणाले, "आणि ती खरखर ऐकत गेली."

असं काही होईल हे ताईच्या ध्यानात आलं नव्हतं. इतकी शहाणी बाई, पण एवढं तिला सुचलं नाही. त्यांचे कान वाचवायला तिने जे केलं, त्याने आता त्यांचं काळीज कुरतडायला घेतलं होतं. मी शपथ मोडली. मला त्याबद्दल वाईट वाटत नाही, आणि ताईला वाटत असेल तर वाटो.

"भाऊजी, तिला साफ ऐकू यायचं," मी म्हटलं. ओठ दिसावेत म्हणून तोंड त्यांच्या समोर नेऊन म्हटलं. "पहिल्यापासून. रेडिओत काही बिघाड नाही. तुम्ही तो केव्हाच दुरुस्त केलात."

"मग आत्ता जी खरखर..."

"तुमच्या कानात आहे."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, आत गेले, रेडिओ टेबलावर ठेवून बंद केला. मग मागचं झाकण काढून सेल काढले आणि एक एक करून टेबलावर मांडले. तार सोडवली. आणि त्या मेलेल्या रेडिओला कान लावून, मान डाव्या खांद्याकडे कलती करून, कानात प्राण आणून ऐकत राहिले.

"आहे अजून," ते म्हणाले.

मग हळूच खुर्चीवर बसले आणि त्यांचा चेहरा निवळला. "म्हणजे तिला साफ ऐकू यायचं," ते म्हणाले. "पान उलटलेलंसुद्धा?"

"पान उलटलेलंसुद्धा."

त्यांनी डोळे पुसले. ताई गेल्यावर पहिल्यांदाच त्यांना जरा हसू आल्यासारखं दिसलं. मलाही बरं वाटलं. वाटलं, झालं, सुटला बिचारा माणूस. मी कप उचलून धुवायला वळले.

"म्हणजे मग," मागून त्यांचा आवाज आला, "मी तार काढायचो तेव्हा ती ऐकत असायची."

मी वळले नाही.

"रोज काढायचो मी. बाई रंगात आलेल्या असतील, आणि मी बाहेरून तार उपसायचो. ती उन्हाळ्यातली कादंबरी संपली ना, त्या दिवशी मी सळई बदलत होतो. अर्धा तास काही नव्हतं. आत आलो तर ही म्हणते, 'असू दे, पुढचं मला ठाऊक आहे.' तिला कुठलं ठाऊक असणार? कुणी सांगितलं होतं तिला?"

मला खूप बोलता येतं, साऱ्या जगाला माहीत आहे. पण त्या वेळी धुतलेला कप मी पुन्हा धुतला.

"साफ होतं," ते म्हणाले, "आणि मीच रोज मोडत होतो. ती बसायची तशीच. एकदा तरी म्हणायचं ना तिने, अहो, आता पुरे."

मग ते रडले. मोठ्याने रडले, आपला आवाज केवढा होतोय ते न कळणाऱ्या माणसासारखे. शेजारची बाई दारापर्यंत आली. मी तिला हाताने जा म्हटलं.

कथावाचनाची वेळ झाली तेव्हा त्यांनी तोंड धुतलं. सेल परत घातले, तारेचे चार वेढे नीट मोजून दिले, छताचे दिवे बंद केले. रेडिओ ताईच्या उशीपाशी खिडकीत ठेवला आणि लावला. बाईंचा आवाज आला. नवी कादंबरी होती, त्या दिवशी पहिलाच भाग.

"साफ आहे?" त्यांनी मला विचारलं.

"साफ आहे."

ते पलंगासमोर स्टूल घेऊन बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. बाई वाचत होत्या. त्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, हे मला दिसत होतं. मधे एकदा कुणाची तरी गाडी बाहेरून गेली तेव्हा रेडिओ खरंच खरखरला. मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. ते हलले नाहीत. त्या खरखरीत आणि रोजच्या खरखरीत त्यांना काहीच फरक नव्हता.

बाईंनी वाचन आटोपून निरोप घेतला तरी ते तसेच बसून होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"संपलं?"

"संपलं, भाऊजी."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं ना? मधे कुठे तुटलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "कुठेच तुटलं नाही."

मग त्यांनी मांडीखालचा हात काढला आणि रेडिओ बंद केला.